ढगातली वही, गावाची किल्ली

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

ढग आणि निरोप यांचं नातं आपल्या विदर्भाला नवं नाही. कालिदासाच्या यक्षाने ढगाजवळ निरोप दिला तो रामगिरीवरून, आणि रामगिरी म्हणजे नागपूरजवळचं रामटेक, असं मिराशींसारख्या विद्वानांनी मानलं. आता संगणकवाल्यांनीही आपल्या एका सोयीला ढगाचंच नाव दिलं आहे : क्लाउड. भारत सरकारने २०१४ साली स्वतःचा क्लाउड सुरू केला, त्याचं नाव तर ‘मेघराज’. कवीला हेवा वाटावा असं नाव! पण आज मला कवितेबद्दल नाही, तेंदूपत्त्याबद्दल बोलायचं आहे.

आधी हा क्लाउड म्हणजे काय, ते पाहू. पिठाची गिरणी आपल्या घरात नसते. आपण दळण नेतो आणि जेवढं दळलं तेवढे पैसे देतो. क्लाउडचंही तसंच. मोठे संगणक दूर कुठल्या तरी इमारतीत असतात. आपण त्यांचा हवा तेवढा वापर करतो. आपली वही तिथे राहते. मोबाइल वैनगंगेत पडला तरी वही बुडत नाही. आणि मुख्य गोष्ट अशी की, ज्यांच्याकडे किल्ली आहे त्या सगळ्यांना एकाच वेळी एकच पान दिसतं. कोणी, कधी, काय बदललं याची नोंदही ठेवता येते. शहरातले कारखानदार, पुरवठादार, वाहतूकदार अशा सामाईक वहीवर आज मिळून धंदा करतात. मग आमच्या जंगलातल्या गावांनी का करू नये?

चंद्रपूर-गडचिरोलीत तेंदूचा हंगाम ऐन उन्हाळ्यात येतो. पहाटे माणसं जंगलात जातात, घरी येऊन सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधतात आणि ते फळीवर नेऊन मोजून देतात. हजार पुडक्यांची एक प्रमाण गोणी, म्हणजे सत्तर हजार पानं. एकेक पान हाताने तोडलेलं. १९६९च्या राज्य कायद्याने हा व्यापार सरकारच्या नियंत्रणात आला. युनिट वनविभागाने विकायचं, ठेकेदाराने घ्यायचं, आणि गावाने मजुरी घ्यायची.

डिसेंबर २००६मध्ये संसदेने वनहक्क कायदा संमत केला आणि चित्र बदलू लागलं. गंमत पाहा, अमेझॉनने संगणकशक्ती भाड्याने द्यायला सुरुवात केली तीही २००६मध्येच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावात २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. पुढे गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावनेही स्वतःचा बांबू स्वतः विकून दाखवला. काल मजूर असलेलं गाव आज विक्रेता झालं.

पण विक्रेता होणं वेगळं आणि बाजारात टिकणं वेगळं. एका गावाचा माल थोडा. घेणारे ठेकेदार मोजके, आणि त्यांना एकमेकांचे भाव एका फोनवर कळू शकतात. शेजारच्या गावाला काय भाव मिळाला, हे मात्र गावाला हंगाम संपल्यावर कळतं. कोणी चढी बोली लावून माल उचलत नाही, कोणी पैसे थकवतो, आणि दुसऱ्या वर्षी तोच माणूस दुसऱ्या गावात नव्याने बोली लावतो.

यावर उपाय एकीचा. कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभी केली, ती याच जाणिवेतून. या एकीला आता सामाईक वहीची जोड हवी. कोणत्या गावाच्या किती गोण्या, कोणाची किती बोली, कोणी किती आगाऊ रक्कम दिली, कोणाकडे किती बाकी, हे सारं एका पानावर यावं. सरकारची वही केव्हाच संगणकावर गेली. १४ एप्रिल २०१६ला शेतमालासाठी ई-नाम सुरू झालं, आणि लाकूड-बांबूच्या वाहतूक परवान्याची ऑनलाइन पद्धत २९ डिसेंबर २०२३ला देशभरासाठी खुली झाली. मोठ्या खरेदीदाराचा हिशेबही संगणकावर असतो. मग फक्त गावच सुट्या कागदांवर का राहावं?

मात्र वही ढगात गेली म्हणून हिशेब आपोआप खरा होत नाही. उधारीचा व्यवहार मुदतीसह लिहावा, साक्षीदार ठेवावेत आणि लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावं, अशी शिकवण कुराणात आहे. ती लहानपणापासून माझ्या कानावर पडत आली. लिहिणारा कोण आणि साक्षीला कोण, हा प्रश्न संगणकानेही सुटत नाही.

म्हणून तीन गोष्टी सांगतो. पहिली, किल्ली एका माणसाच्या मोबाइलवर नको, ठेकेदाराच्या मुनशीकडे तर नकोच. ग्रामसभेने निवडलेल्या दोघांकडे ती असावी, त्यात एक बाई असावी. दुसरी, भामरागड-एटापल्लीकडे रेंज कधी असते, कधी नसते. तेव्हा नोंद आधी मोबाइलमध्ये किंवा कागदावर व्हावी आणि बाजाराच्या दिवशी तालुक्याला आल्यावर ती वर चढावी. तिसरी, महिन्यातून एकदा ते पान ग्रामसभेत मोठ्याने वाचलं जावं, मराठीत आणि गोंडी-माडियातही. मेंढ्याची माणसं निर्णय सर्वसहमतीने घेतात. पण ज्याला हिशेब कळलाच नाही, त्याच्या सहमतीला काय अर्थ?

पान तोडताना बोटं काळी होतात, पाठ वाकते. त्या कष्टाचा हिशेब कष्ट करणाऱ्याला वाचता आला पाहिजे. पुढच्या हंगामाची बोली लागण्याआधी आपल्या ग्रामसभेत एवढं जरूर विचारा : आपली वही कुठे आहे, आणि तिची किल्ली कोणाकडे आहे?