वस्त्रशास्त्राचा वर्ग आणि कापूस उत्पादक
(छत्रपती संभाजीनगर येथे शेतकरी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



शेतकऱ्यांच्या मेळाव्यात वस्त्रशास्त्राची शिक्षिका कशासाठी बोलाविली, असा प्रश्न आपल्यापैकी काहींना पडला असेल. 'फॅशन' म्हटले की तो विषय आपल्या बांधापलीकडचा, शहरातल्या लोकांचा वाटतो. परंतु आपण ज्या शहरात बसलो आहोत त्याची ओळखच मुळी कापडाने झाली आहे. सुती ताणा आणि रेशमी बाणा घालून विणलेला हिमरू येथलाच. पैठणी येथून पन्नास-पंचावन्न किलोमीटरवरची. तिला २०१० साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पैठणीला लागणाऱ्या रेशमाचा मोठा भाग मात्र अजून कर्नाटकातून येतो. २०१८ मध्ये जालन्याला रेशीम कोष खरेदीची बाजारपेठ सुरू झाल्यापासून तुतीवाल्यांची रामनगरमची खेप वाचली आहे. पण रेशमाचा विषय स्वतंत्र आहे. आज मला बोलावयाचे आहे ते कापसाबद्दल. आमच्या वर्गात कापसाचे पुढे काय होते ते आपल्याला सांगावे, एवढाच हेतू आहे.

वस्त्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्या वर्षी धागा ओळखावयास शिकवितात. तंतू जाळून पाहणे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, पेळू ओढून लांबी पाहणे ही कामे चालतात. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुली यात पुढे असतात. त्यांच्या बोटांना रुईची सवय असते. पुढे रंगकामाचे तास सुरू होतात आणि तेथे शेतातील चुका कापडावर उघड्या पडतात.

पांढऱ्या कापडात दोष लवकर दिसत नाही. तेच कापड गडद निळ्या किंवा काळ्या रंगात बुडवून काढले की त्यावर बारीक पांढरे ठिपके दिसू लागतात. ठिपका सुईने काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर आत अपक्व तंतूंची गाठ सापडते. ज्या तंतूची भिंत भरलेलीच नाही तो चपट्या फितीसारखा दिसतो आणि त्यावर रंग चढत नाही. आमच्याकडे त्यास मेलेला तंतू म्हणतात. हा तंतू कोठून येतो? पाण्याचा ताण पडलेल्या झाडावरून, शेंदरी बोंडअळीने पोखरलेल्या बोंडातून, आणि सर्वांत जास्त फरदडीतून. फरदडीचा व कवडीचा कापूस पहिल्या-दुसऱ्या वेचणीच्या चांगल्या मालात मिसळला, तर वजन थोडे वाढते आणि सगळा माल खालच्या प्रतीत जातो.

दुसरा दोष याहून वाईट. रंगविलेल्या कापडात मध्येच एखादी पांढरी, पिवळी वा हिरवी रेघ निघते. ती असते खताच्या गोणीची सुतळी. ही गोणी पॉलिप्रॉपिलीनची. कापसाचा रंग त्यावर बसत नाही. वेचणीला बाई रिकामी गोणी घेऊन जाते, तिच्या तोंडाचे धागे सुटतात आणि कापसात पडतात. वीतभर धागा जिनिंगमध्ये सरकीबरोबर वेगळा होत नाही. पुढे सूतगिरणीत पिंजताना त्याचे शेकडो बारीक तंतू होऊन ते कित्येक मीटर सुतात पसरतात. मग ते काढणे कोणाच्याच हाती राहत नाही. केस, पक्ष्यांची पिसे, ओढणीचे रंगीत दोरे, गुटख्याच्या पुड्या यांचेही असेच. हे वेचून काढण्यासाठी गिरण्यांना माणसे बसवावी लागतात, मोठ्या गिरण्यांनी कॅमेऱ्याची यंत्रे बसविली आहेत. हा खर्च गिरणी स्वतःच्या खिशातून करीत नाही. तो रुईच्या भावातून वळता होतो आणि शेवटी आपल्या कापसाच्या भावात येऊन बसतो.

उपाय खर्चाचा नाही. वेचणीसाठी सुती कापडाची झोळी किंवा ओटी वापरावी. डोक्यास रुमाल बांधावा. दव उडाल्यावरच वेचणीस लागावे. झाडाच्या खालच्या बोंडांपासून सुरुवात करून वर जावे, म्हणजे वरचा पाला खालच्या फुटलेल्या बोंडावर पडत नाही. कापूस घरी आणल्यावर मातीवर न टाकता स्वच्छ कापडावर वाळवावा आणि प्रत्येक वेचणीचा ढीग वेगळा ठेवावा.

यावर आपण विचाराल, आणि रास्तच विचाराल, की बाई, खेडा खरेदीवाला स्वच्छ आणि घाण दोन्हींना एकच भाव देतो, मग आम्ही कष्ट का घ्यावेत? ही तक्रार खरी आहे. एकट्या शेतकऱ्याला दहा क्विंटल स्वच्छ कापसाचा वेगळा भाव मिळणे अवघडच आहे. भाव प्रतीप्रमाणे हवा असेल तर प्रत मोजावी लागते, आणि मोजणी रुईची होते. हमी भावातही प्रत आहेच. २०२५-२६ च्या हंगामासाठी मध्यम धाग्याच्या कापसाचा हमी भाव क्विंटलला ७,७१० रुपये आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये जाहीर झाला. लांब धागा म्हणजे साडेएकोणतीस ते साडेतीस मिलिमीटर लांबी आणि ३.५ ते ४.३ मायक्रोनेअर. मायक्रोनेअर हा शब्द अवघड वाटला तरी गोष्ट सोपी आहे. ठरावीक वजनाच्या रुईतून हवा सोडतात. तंतू बारीक वा अपक्व असेल तर हवा अडते आणि आकडा कमी येतो. जाड असेल तर हवा सहज जाते आणि आकडा वाढतो. ओलाव्याचे मोजमाप वेगळे. आठ टक्क्यांपर्यंत कपात नाही, त्यापुढे कपात आणि बारा टक्क्यांच्या वर असलेला माल कापूस महामंडळ घेत नाही. पाणी मारून वजन वाढविणाऱ्याने हे लक्षात ठेवावे.

म्हणून एका गावातील वीस-पंचवीस जणांनी एकच वाण लावावा, एकत्र जिनिंग करून गाठी बांधाव्यात आणि रुई तपासून विकावी. साधारण पाच क्विंटल कापसापासून १७० किलोची एक गाठ निघते. सरकी हाती राहते ती वेगळी. राज्य शासनाच्या 'स्मार्ट' प्रकल्पात शेतकरी गटांनी असे काम केले आहे. देशी कपाशी लावणाऱ्यांसाठीही वाट आहे. जुन्या गावरान वाणांचा धागा आखूड म्हणून गिरण्या त्याकडे पाहत नसत. परभणीच्या मेहबूब बाग संशोधन केंद्राने पीए ७४०, पीए ८१० व पीए ८१२ यांसारखे लांब धाग्याचे देशी वाण दिले आहेत.

आमच्या विद्यार्थ्यांना विक्रीव्यवस्थापनाच्या तासाला एक हिशेब घालतात, तो येथे सांगते. साध्या सुती शर्टाचे वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असते. कताईची व कापणीची तूट धरून त्यास पावणेतीनशे ते तीनशे ग्रॅम रुई लागते, म्हणजे किलोच्या आत कापूस. हमी भावाने त्याचे पासष्ट-सत्तर रुपये होतात. शर्टाची दुकानातील किंमत आपण जाणताच. मधला पैसा कताई, विणाई, रंगाई, शिलाई, वाहतूक आणि दुकानभाडे यांत वाटला जातो. सगळाच कोणी लुटला असे म्हणणे बरोबर नाही. पण त्यातील काही कामे आपल्या तालुक्यात का होऊ नयेत, हा प्रश्न मी मुलींना दरवर्षी घालते. परभणीच्या कृषी विद्यापीठातील सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, म्हणजे पूर्वीचे गृहविज्ञान, येथे वस्त्रशास्त्र शिकविले जाते. ज्यांना यंत्रांची आवड आहे त्यांच्यासाठी नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत वस्त्र तंत्रज्ञानाची पदवी आहे. मुलगी हा विषय घेते म्हणाली तर 'शिलाईच शिकायची तर कॉलेज कशाला' असे म्हणून तिला बसवू नये. या शिक्षणात शिलाई हा एक भाग आहे, सगळा अभ्यासक्रम नव्हे.

आता एक गोष्ट जिवाशी संबंधित. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. औषध कोणते, पंप कोणता याची चर्चा खूप झाली. अंगावरच्या कपड्याची कमी झाली. सुती कापडाचा गुण म्हणजे ते घाम शोषते. तोच गुण फवारणीत घातक ठरतो, कारण ते औषधही शोषते आणि कातडीला चिकटवून ठेवते. बनियन आणि अर्धी चड्डी घालून फवारणारा माणूस तर उघडाच असतो. पंप गळला की पाठ भिजते, उंच पिकातून चालताना मांड्या भिजतात. म्हणून पूर्ण बाह्यांचा, घट्ट विणीच्या जाड कापडाचा सदरा व पँट घालावी आणि पाठीवर व मांड्यांवर प्लॅस्टिकचे आवरण बांधावे. हातमोजे रबरी असावेत. कापडी वा कातडी मोजे औषध पिऊन बसतात. पँट बुटाच्या बाहेर ठेवावी. उकाडा होतो हे मान्य आहे, त्यासाठी सकाळची व संध्याकाळची वेळ धरावी.

फवारणीचे कपडे दुसऱ्या दिवशी तसेच घालू नयेत. वस्त्रशास्त्रात या धुलाईवर बराच अभ्यास झाला आहे. कपडे त्याच दिवशी, हातमोजे घालून, घरच्या इतर कपड्यांपासून वेगळे धुवावेत. आधी साध्या पाण्यातून काढावेत, मग गरम पाणी आणि भरपूर पावडर घेऊन दोन-तीन वेळा धुवावेत. तेलकट औषधे थंड पाण्याने निघत नाहीत. कापडाला खळ दिलेली असेल तर औषधाचा बराच भाग खळीबरोबर निघून जातो, असे अभ्यासात दिसून आले आहे. आपल्या आज्या खळ घालत होत्या त्याचा हा वेगळाच उपयोग. मूळ बाटलीतील औषध ज्या कपड्यावर सांडले तो धुण्याच्या भरीस पडू नये, फेकून द्यावा. धुण्याचे पाणी विहिरीकडे वा नाल्याकडे सोडू नये. बादली नंतर स्वच्छ करावी आणि हे कपडे उन्हात, लेकरांच्या कपड्यांच्या दोरीपासून दूर वाळत घालावेत.