मूल दत्तक घेऊ इच्छिणाऱ्यांस
(महोत्सवानिमित्त केलेले भाषण)



महोत्सव मंडळाने आम्हां उभयतांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शोधावा लागला नाही. आमच्या घरची मुलगी दत्तक आहे हे आपण सर्व जाणता. ती कशी आली हे मात्र थोड्यांनीच विचारले, आणि तेही मिस्सा आटोपल्यावर आम्हांस आवाराच्या कोपऱ्यात नेऊन. म्हणून आज ते मोठ्याने सांगतो.

प्रथम आमची चूक सांगणे बरे. लग्नास नऊ वर्षे झाली होती. ओळखीच्या एका बाईंनी निरोप आणला की, एका प्रसूतिगृहात एक अविवाहित मुलगी बाळंत व्हावयाची आहे. अमुक रक्कम दिल्यास मूल जन्मतःच आमच्या नावावर नोंदले जाईल. आम्ही तत्काळ नकार दिला असे सांगता आले असते तर किती बरे झाले असते! आम्ही दोन रात्री विचार केला आणि पाळण्याची किंमतही विचारून आलो. तिसऱ्या दिवशी एका वकील आप्तांनी विचारले, 'त्या मुलीस उद्या पश्चात्ताप झाला तर ती कोणाकडे जाईल? आणि मूल मोठे होऊन आपल्या जन्माविषयी विचारील, तेव्हा त्यास काय सांगाल?' आम्हांपाशी उत्तर नव्हते.

कायद्यापाशी ते आहे. मूल सोडणाऱ्या मातेस बाल कल्याण समितीपुढे तसे लिहून द्यावे लागते, आणि त्यानंतर 60 दिवसांपर्यंत तिला आपले मूल परत मागता येते. प्रसूतिगृहातील व्यवहारात तिचे हे 60 दिवसच हिरावले जातात. 2015 च्या बाल न्याय कायद्यात अशा खरेदी-विक्रीस पाच वर्षांपर्यंत सश्रम कारावास सांगितला आहे. त्यात रुग्णालयाच्या नोकराचा हात असेल तर त्यास याहूनही अधिक.

'आपणां ख्रिस्ती लोकांस दत्तक नाहीच' असे पुष्कळ वडील मंडळी अद्याप म्हणतात. त्यांचे चुकते असे नाही; ते जुने झाले आहे इतकेच. 1956 चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता होता, आणि आपल्यास 1890 च्या पालक व पाल्य कायद्याचाच आसरा असे. त्याने मूल घरी येई, परंतु ते पाल्य म्हणून, पुत्र किंवा कन्या म्हणून नव्हे. बाल न्याय कायद्याने ही वाट सर्वांस खुली केली, व कोणत्याही धर्माच्या मनुष्यास त्या वाटेने दत्तक घेता येते असे सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली स्पष्ट केले. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मसंहितेतील 110 वे कलमही, नागरी कायद्याने दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मूल, असे सांगते.

प्रारंभ कोठून करावा? केंद्रीय दत्तक ग्रहण प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या संकेतस्थळावर नाव नोंदवून. ज्यांस संगणक अवगत नाही त्यांनी जिल्हा बाल संरक्षण कक्षात जावे. दांपत्याच्या विवाहास निदान दोन वर्षे झालेली असावीत व दोघांची संमती असावी. दोन वर्षांखालील मूल हवे असल्यास पतिपत्नींच्या वयांची बेरीज 85 च्या आत लागते. म्हणून 'पुढे पाहू' म्हणत बसू नये. उत्पन्नाचे, निवासाचे, विवाहाचे व वैद्यकीय प्रमाणपत्र आधीच जुळवून ठेवावे.

नंतर समाजसेविका घरी येतात. आम्ही भिंतींस रंग दिला, नवे पडदे लावले. बाईंनी पडद्यांकडे पाहिलेही नाही. त्यांनी आमच्या आईस विचारले, 'आजी, रक्ताचे नसलेले नातवंड मांडीवर घ्याल ना?' आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'आधी घेईन, मग कळेल.' बाईंनी ते लिहून घेतले. त्या उत्तराने सर्व बिघडले असे आम्हांस वाटले, पण अहवाल अनुकूल आला.

2019 साली नोंदणी केली, आणि निरोप आला तो 2023 च्या आरंभी. मधल्या काळात अहवालाची तीन वर्षांची मुदत संपली व तो पुन्हा करावा लागला. त्या वर्षांत आम्ही एकमेकांवर पुष्कळ चिडलो, आणि एकदा तर नाव काढून घेण्यापर्यंत आलो, हेही लपवीत नाही. निरोप आल्यावर छायाचित्र व वैद्यकीय अहवाल पाहून 48 तासांत होकार कळवावयाचा असतो. आम्हांस तितका वेळ लागला नाही. प्रथम मूल प्रतिपालनार्थ घरी येते, आणि पुढे दत्तकाचा आदेश होतो. हा आदेश पूर्वी न्यायालय देई; सप्टेंबर 2022 पासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात. त्यानंतरही दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, समाजसेविका येऊन मुलाची विचारपूस करतात.

मुलीस तिचा जन्म अन्य मातेच्या पोटी झाला हे आम्ही गोष्टीसारखे सांगत आलो आहो. त्या मातेचे नाव आम्हांस ठाऊक नाही. रात्रीच्या प्रार्थनेत मुलगी तिला 'ती आई' म्हणते, आणि आमची आई मोठ्याने 'आमेन' म्हणते.

कागदपत्रांची यादी आम्ही हाताने लिहून आणली आहे. ज्यांस हवी असेल त्यांनी भोजनाच्या वेळी मागावी.