चिपवरील सट्टा

१९९७ सालीं अमेरिकेंत डीव्हीडी विक्रीस आली. तींतील चित्रें एमपेग-२ पद्धतीनें आकुंचित केलेलीं असत. तीं उलगडणें तेव्हांच्या बहुतेक घरगुती संगणकांच्या आवांक्याबाहेरचें होतें. मग प्रत्येक संगणकास निराळी चिप लागणारच, या तर्कावर सी-क्यूब, झोरान अशा कंपन्यांच्या शेअर्सकडे सटोडियांचें लक्ष गेलें. गरज खरी होती. ती कायमची मानणें मात्र चुकीचें ठरलें. मुख्य प्रोसेसरच वेगवान झाला आणि तें काम केवळ सॉफ्टवेअरनें होऊं लागलें. डीव्हीडी-यंत्रांत चिप टिकली, संगणकांतील तिची जागा गेली. खूण आधींच दिसत होती: १९९६ सालीं खुद्द झोराननें सॉफ्टवेअर करणारी कॉम्पकोअर कंपनी विकत घेतली होती. शिल्लक गुंतविणाऱ्यानें मागणी पाहावी, तसें तिचें आयुष्यहि पाहावें.