परमनंट

चौथीत गुरुजींनी विचारलं, मोठेपणी कोण होणार? मी म्हणालो, पायलट. कुणी हसलं नाही. निम्मा वर्ग पायलटच होणार होता!

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळी गेटवर उभं राहायचं. कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी परत. ते लवकर परत आले की आई काही विचारायची नाही. संध्याकाळचं पीठ मात्र कमी मळायची.

१८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. वडील पुढे भाजी विकू लागले.

एप्रिल १९८४. राकेश शर्मा अंतराळात गेले. चाळीत ज्यांच्याकडे टीव्ही होता, त्यांच्या दारात आम्ही सगळे. दुसरीतला धाकटा भाऊ ओरडला, "मी पण जाणार!" शेजारच्या काकांनी मला विचारलं, "आणि तू रे?" मी बारा वर्षांचा. म्हणालो, "कुठंही चालेल, पण परमनंट." सगळ्यांनी कौतुक केलं. पोरगं शहाणं झालं म्हणाले.

लिंडा गॉटफ्रेडसन या अमेरिकन संशोधक बाईंनी १९८१ साली नेमकं हेच मांडलं होतं. साधारण नऊ ते तेरा या वयात मुलांना आपल्या घराची पायरी कळते, आणि 'आपल्यातली नव्हेत' अशी कामं ती स्वतःच खोडून टाकतात. म्हणजे नापास व्हायच्या कितीतरी आधी! पायलट व्हायला काय लागतं, हे मी कधी विचारलंसुद्धा नाही. तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं होतं?

मी बँकेत क्लार्क झालो. तक्रार नाही. पगार एक तारखेला, आणि आईला पुन्हा कधी पीठ कमी मळावं लागलं नाही. ही काही छोटी गोष्ट नाही.

पण मागच्या महिन्यात बारावीतली लेक म्हणाली, "बाबा, मला साउंड रेकॉर्डिंग शिकायचंय." माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "त्यात परमनंट असतं का?"

ती काही बोलली नाही. फॉर्म टेबलावर ठेवून आत गेली. तिचं ते गप्प राहणं मला चाळीतल्या त्या कौतुकापेक्षा जड गेलं.

काल रात्री मी तो फॉर्म पहिल्यांदा पूर्ण वाचला. उद्या फी विचारायला आम्ही दोघं जाणार आहोत.