वाढत्या मुलांचा मेंदू आणि आपण



आज तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींविषयी बोलायचं आहे. आम्ही वर्गासाठी गावोगाव जातो. आईबापांची एक तक्रार सगळीकडे ऐकू येते. "पोरगं कालपर्यंत शहाणं होतं. आता एक शब्द ऐकत नाही. सांगायला गेलं की अंगावर येतं." मग कुणी हात उचलतो. कुणी "तुझं तू बघ" म्हणून सोडून देतो. आमच्या मते दोघांचंही चुकतं. का, ते सांगतो.

सहा वर्षांच्या मुलाचा मेंदू आकारानं मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळजवळ आलेला असतो. पण आकार आला म्हणजे काम संपलं असं नाही. अमेरिकेत जे गीड नावाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी मुलांच्या मेंदूची चित्रं घेतली. आपण ज्याला एमआरआय म्हणतो, त्याच यंत्रानं. काही वर्षांनी त्याच मुलांची पुन्हा चित्रं घेतली. १९९९ साली त्यांनी छापलं, की कपाळामागचा मेंदूचा राखी भाग मुलींमध्ये अकराव्या आणि मुलांमध्ये बाराव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत जास्त भरतो. मग तो हळूहळू कमी होऊ लागतो.

कमी होतो म्हणजे बिघडतो का? नाही. ज्वारी दाट उगवली की आपण विरळणी करतो ना, तसंच हे आहे. मेंदूतले जे धागे रोज वापरात येतात, ते पक्के होतात. जे वापरात येत नाहीत, ते गळतात. म्हणून या वयात पोर रोज काय करतं, कसं बोलतं, त्याच्याशी घरात कसं बोललं जातं, याला फार महत्त्व आहे.

आता अडचण कुठे आहे ते बघा. राग, भीती, मजा ज्या भागात उठते, तो भाग वयात येताना लवकर जोर धरतो. थांबणं, पुढचं बघणं, मनाला आवरणं, हे काम कपाळामागच्या भागाचं. तो सगळ्यांत शेवटी पिकतो. पंचविशीपर्यंत त्याचं काम चालू असतं. म्हणजे बैल जोरात आहेत, पण कासरा धरणारा नवखा आहे.

याचा अर्थ पोराला कळत नाही असा नव्हे, बरं का. सोळा वर्षांचा मुलगा एकटा, शांत बसला असेल, तर जवळजवळ मोठ्या माणसासारखा विचार करतो. दोस्त जमले की गणित बदलतं. २००५ साली अमेरिकेत एक प्रयोग छापून आला. मुलांना आणि मोठ्यांना यंत्रावर गाडी चालवायचा खेळ दिला. दोस्त बघत असताना मुलांनी जास्त धोका पत्करला. मोठ्यांमध्ये तसा फरक दिसला नाही. पुढे २०१५ साली असाच खेळ आईसमोर खेळायला दिला. आई बघते आहे म्हटल्यावर मुलं जास्त वेळा गाडी थांबवू लागली. आपल्याला वाटतं, पोरावर आता आपलं वजन राहिलं नाही. वजन असतं. ते दिसत नाही एवढंच.

ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरी १८८ मुलांना चार वर्षं पाहिलं. बाराव्या वर्षी आई आणि मूल यांना समोरासमोर बसवून, ज्यावर वाद होतो असा विषय बोलायला दिला. ज्या आया तेव्हाही मायेनं बोलल्या, त्यांच्या मुलांच्या मेंदूची वाढ पुढच्या चार वर्षांत थोडी वेगळी झाली. जाणकारांच्या मते ती अधिक चांगल्या वळणाची होती. हे २०१४ साली छापलं आहे. एवढ्यावरून सगळं आईच्याच हाती आहे असं ठरत नाही. बापही घरात असतो, शाळा असते, पोटाची चिंता असते. तरी वादाच्या वेळी आपला आवाज कसा असतो, हे आपण तपासून बघावं.

आपल्याला ही रीत ठाऊक आहे. खोंडाला पहिल्यांदा जुंपायचं तर शहाणा शेतकरी त्याला जाणत्या बैलाशेजारी लावतो. मारत सुटला तर खोंड बुजतं. मोकळं सोडलं तर कामाला लागत नाही. पोराला दुधाचा हिशेब सांभाळायला द्या. चुकला तर शेजारी बसून पुन्हा करून घ्या. बापाची वहाण मुलाच्या पायात आली की त्याला मित्रासारखं वागवावं, असं आपली जुनी माणसं सांगत. आम्हाला तर वाटतं, मेंदूची चित्रं न बघता त्यांना पुष्कळ कळलं होतं.

मुलींच्या बाबतीत मात्र त्यांचं चुकलं. मुलगी वयात आली की शाळा बंद आणि लग्नाची घाई. मुलीच्याही मेंदूचं काम पंचविशीपर्यंत चालतं. स्वतःचा कासरा हाती यायच्या आत तिच्या हाती घर आणि मूल द्यायचं, हा कुठला न्याय? अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं हा २००६ च्या कायद्यानं गुन्हा आहे.

झोपेचंही सांगतो. या वयात झोप निसर्गानंच उशिरा येते. आठ ते दहा तास झोप मात्र लागतेच. सकाळी उठत नाही म्हणून आळशी म्हणू नका. रात्री मोबाइल त्याच्या उशाशी नको, आणि आपल्याही नको.

शेवटी एक नाजूक गोष्ट. पोर गप्प झालं, जेवेना, "जगून काय करायचं" म्हणू लागलं, तर नाटक म्हणू नका. जवळ बसा. मनात जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. फवारणीचं औषध कुलपात ठेवा आणि किल्ली स्वतःजवळ ठेवा. २०२२ सालापासून सरकारचा टेलिमानस नावाचा फोन आहे. दिवसरात्र चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येतं. नंबर आहे १४४१६. फळ्यावर लिहिला आहे. सगळ्यांनी वहीत उतरवून घ्या.