फोटोच्या पाठीवर

आपल्या भागात कोणाच्याही घरी जा. ओटीवरून आत गेले की देवाच्या तसबिरीशेजारी एखादा फोटो असतोच. पंढरपूरला काढलेला. मागे विठोबा-रखुमाईचा रंगवलेला पडदा, पुढे आजोबा-आजी ताठ उभे. देव्हाऱ्यात गंगेचा गडू असतो, तोंड डाक लावून बंद केलेला. फडताळात जेजुरीच्या भंडाऱ्याची पुडी असते. कोणी काशीहून आले की मावंदे घालतात. गडूची पूजा होते, गाव जेवते. ज्यांना काशीला जाणे जमले नाही, त्यांच्याही वाट्याला थोडी काशी येते.

आता एक मोठी वस्तू सांगतो. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. १७४७ साली सरदार नारोशंकर राजेबहाद्दर यांनी ते बांधले. त्याच्या दारावर एक थोरली घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. ही घंटा देवळासाठी ओतलेली नव्हे, ती फिरंग्यांची आहे. पूर्वी आपल्या तारापूरच्या किल्ल्यावर आणि वसईवर फिरंग्यांचे, म्हणजे पोर्तुगीजांचे राज्य होते. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूर घेतले. त्या लढाईत बाजी भिवराव हे शूर सरदार कामी आले. पुढे मे महिन्यात वसई पडली. त्या विजयाची खूण म्हणून घंटा नाशिकला टांगली गेली. अशीच एक भीमाशंकरलाही आहे. बाजारात विकत घेतलेली आठवण वेगळी आणि जिंकून आणलेली वेगळी. नाशिकला गेलात तर मान वर करून बघा. गोदेला पूर आला की पाणी घंटेपर्यंत चढले का, हे लोक अजून विचारतात.

शाळेची सहल घेऊन आम्ही मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात जात असू. पहाटेची गाडी आणि बरोबर भाकरी-चटणी. हे संग्रहालय १९२२ साली लोकांना खुले झाले. तेव्हा त्याचे नाव प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम होते. आता ते छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आहे. मुले धावतात ती पेंढा भरलेल्या प्राण्यांकडे. धावू द्यावीत. पण आम्ही त्यांना एका ओबडधोबड दगडापाशी नेत असू. दगडाचा तुकडाच तो. त्याच्यापुढे कोणी थांबत नाही.

हा दगड आपल्या जिल्ह्यातला, सोपाऱ्याचा. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना तो सापडला. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी सम्राट अशोकाने त्यावर लेख कोरवला. अक्षरे ब्राह्मी आहेत. आज तुम्ही जे अ, आ, क, ख गिरवता, त्या अक्षरांची ती पणजी समजा. आणि लेखात काय आहे? प्रवासच आहे! पूर्वीचे राजे मौजेसाठी फिरत, शिकार करत. मी मात्र बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेलो, आता मी फिरतो तो साधूंना व म्हाताऱ्यांना भेटायला आणि खेड्यातल्या माणसांशी बोलायला, असे राजा सांगतो. १९५६ साली वसईजवळ भुईगावला अशाच लेखाचा आणखी एक तुकडा मिळाला.

त्याच साली, १८८२ मध्ये, सोपाऱ्याच्या स्तूपातून दगडी पेटी निघाली. पेटीत डब्यात डबी, डबीत डबी. तांब्याची, चांदीची, सोन्याची. सोन्याची फुले होती आणि मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे होते. हे सर्व मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले. सोन्याबरोबर मातीची खापरेही कोणीतरी इतकी जपली, हे आम्हाला फार मोठे वाटते.

आपल्या वस्तू समुद्रापलीकडेही गेल्या आहेत. वारल्यांच्या घरी लग्नात सवासिणी भिंतीवर चौक लिहितात. तांदळाच्या पिठाचे ते चित्र पुढे सारवणाखाली जाई. डहाणू तालुक्यातल्या गंजाडकडचे जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर काढली. १९८९ साली ती पॅरिसच्या प्रदर्शनात लागली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ मध्ये ते वारले. जपानात मिथिला म्युझियम म्हणून संग्रहालय आहे, तेथेही वारली चित्रे जपली आहेत.

पण सगळ्यांच्याच वस्तू संग्रहालयात जात नाहीत. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली वीज देऊ लागले. पुढे आणखी दोन भट्ट्या बांधल्या, त्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली व दुसरीकडे वसली. तिकडच्या एका आजींनी आम्हाला एक फोटो दाखवला. जुन्या घरापुढे लग्नाचा मांडव, अकरा माणसे, कडेला भेंडीचे झाड.

आजी म्हणाल्या, "गुरुजी, हे घर नाय ऱ्हायलं. झाड नाय ऱ्हायलं. यातली मानसं मला ठाव हायत. नातवाला विचारा, एकाचं नाव नाय सांगता येत."

आम्ही फोटो उलटला. पाठ कोरी होती. आजी तुमच्यासारख्याच वर्गाला येतात. त्यांनी पेन्सिल घेतली. एकेक नाव सांगत, जोडाक्षराला अडत, दोन संध्याकाळी बसून त्यांनी दहा नावे लिहिली. अकरावा माणूस वऱ्हाडातला होता. त्याच्यापुढे लिहिले, 'पाहुणा'.

तेव्हा मंडळी, तुम्हीही हे करा. मऊ पेन्सिल घ्या आणि हलक्या हाताने लिहा. दाबून लिहिले तर पुढे वण उठतो. शाईचे पेन नको, आपल्याकडच्या दमट हवेत शाई फुटते. गुळगुळीत फोटोवर पेन्सिल उमटत नाही. मग कागदाच्या चिठ्ठीवर लिहा आणि दोन्ही एका पाकिटात ठेवा. नावे डावीकडून लिहा. गाव लिहा. साल आठवत नसेल तर 'धाकटी जन्मली त्या वर्षी' असे लिहा, तेवढ्यावरून साल काढता येते. मोबाईलमधले फोटो पुष्कळ असतात, त्यातले चार छापून घ्या.

पुढच्या बुधवारी येताना प्रत्येकाने घरचा एक फोटो आणावा. पेन्सिली वर्गात आहेत.