दोन जुन्या मोटारी

जुन्या मोटारींच्या संग्राहकांपुढें एक प्रश्न वारंवार उभा राहतो : जॅग्वार ई-टाइप घ्यावी, कीं मर्सिडीझ २३० एसएल? दोहोंचें प्रथम दर्शन जिनेव्हाच्या प्रदर्शनांत झालें. पहिलीचें १९६१ सालीं, दुसरीचें १९६३ सालीं.

जॅग्वारचें लांबट नाक, ३.८ लिटरचें सहा सिलिंडरांचें एंजिन आणि चारी चाकांना चकतीचे ब्रेक यांनीं त्या काळीं रसिकांना भुरळ घातली. मर्सिडीझ शांत वृत्तीची. एंजिन अवघें २.३ लिटरचें, परंतु कार्बुरेटरऐवजीं पंप इंधन मोजून फवारतो. छत मध्यें खोलगट, म्हणून तिला 'पॅगोडा' हें नांव पडलें.

देखणेपणांत जॅग्वार सरस. पण दिग्रसच्या वैशाखांत, गर्दीच्या रस्त्यावर, तिचें एंजिन लवकर तापेल. सोशिकपणांत मर्सिडीझ उजवी ठरते. गंज मात्र दोघींचाही वैरी. म्हणून चकाकत्या रंगाला न भुलतां दारांखालचा पत्रा व गाडीचा तळ आधीं तपासावा.

२०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुन्या व मूळ रूपांतील गाडीची वेगळी नोंदणी होते. नव्या नोंदणीचें शुल्क २०,००० रुपये. रोजच्या प्रवासास ती नेतां येत नाहीं. एंजिन वा सांगाडा बदलून आधुनिक केलेली गाडी या मानाला मुकते.

तेव्हां ज्याला रूपाचा ध्यास आणि कारागिराची जोड आहे, त्यानें जॅग्वार घ्यावी. ज्याला निर्धास्त चालविण्याचा आनंद हवा, त्यानें मर्सिडीझ. मालकी कोणतीही असो, संग्राहक हा पुढच्या पिढीचा विश्वस्तच होय.